इंदूरहून माजुली : गट बांधण्यापासून परतीच्या नावेपर्यंत

"माजुली एका दिवसात होते," असं आसामातल्या जोरहाटचा कोणताही टॅक्सीवाला ब्रह्मपुत्रेतल्या या बेटाविषयी छातीठोकपणे सांगतो. सकाळची नाव पकडायची, दोन-तीन सत्रं म्हणजे मठ, मुखवट्यांचं एक ठिकाण, जेवण, आणि दुपारच्या नावेने परत. इंदूरहून निघणाऱ्या आसाम-मेघालय सहलींच्या पत्रकातही माजुली बहुतेक वेळा काझीरंगा आणि शिवसागर यांच्या मध्ये एका ओळीत कोंबलेली असते. अशी माजुली बघून आलेली मंडळी परत आल्यावर विचारतात, "तिथे बघण्यासारखं नक्की काय होतं हो?" त्यांचं काही चुकत नाही. भर दुपारी सत्र म्हणजे एक लांबलचक छप्पर, रिकामा सभामंडप आणि सावलीला पेंगणारं कुत्रं. माजुलीचं खरं आयुष्य पहाटे आणि दिवेलागणीला चालतं, आणि या दोन्ही वेळा एका दिवसाचा पाहुणा नदीच्या अलीकडे, जोरहाटच्या हॉटेलात असतो.

म्हणून बाकी काहीही बदला, पण मुक्काम बेटावरच हवा. तीन रात्री उत्तम. अगदीच जमत नसेल तर दोन. एकच रात्र मिळत असेल तर ती काझीरंगाला द्या आणि माजुली पुढच्या वेळी करा.

आधी थोडं बेटाविषयी

माजुली समुद्रात नाही, ब्रह्मपुत्रेत आहे. दक्षिणेला ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह, उत्तरेला सुबनसिरी आणि खेरकटिया नावाचा ब्रह्मपुत्रेचाच एक फाटा. २०१६ साली माजुली स्वतंत्र जिल्हा झाली. बेटच जिल्हा असण्याचं हे देशातलं पहिलं उदाहरण. जगातलं सर्वांत मोठं नदीबेट ही तिची ओळख तुम्ही ऐकली असेलच, पण तिथे गेल्यावर बेटाच्या आकारापेक्षा ते किती झिजतंय हेच जास्त ऐकू येतं. १५ ऑगस्ट १९५० च्या ८.६ रिश्टरच्या भूकंपाने ब्रह्मपुत्रेचं पात्र गाळाने उचललं गेलं आणि तेव्हापासून काठ खचण्याचा वेग वाढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेट जेवढं होतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी आज शिल्लक आहे. एके काळी इथे साठाहून जास्त सत्रं होती. आता वीस-बावीस उरली. बाकीची नदीने गिळली किंवा पलीकडच्या काठावर हलली.

सत्र म्हणजे वैष्णव मठ. श्रीमंत शंकरदेव (१४४९ ते १५६८) आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांनी आसामात एकशरण नामधर्माचा जो प्रवाह सुरू केला, त्याची ही केंद्रं. गुरुशिष्यांची पहिली भेट माजुलीतच झाली असं मानतात. ती जागाही आता पाण्याखाली आहे. आज दिसणारी मोठी सत्रं प्रामुख्याने सतराव्या शतकातली, आसामच्या आहोम राजांच्या आश्रयाने उभी राहिलेली.

आपल्या मराठी मंडळींना हा प्रवास जवळचा वाटण्याचं कारण इथेच आहे. शंकरदेव गेल्यावर पाचएक वर्षांतच पैठणच्या एकनाथांनी भागवतावरची आपली टीका पूर्ण केली. दोघांचा आधार भागवत, दोघांचा भर नामावर, दोघांनी लोकांच्या भाषेत रचना केल्या आणि नाट्याचा आधार घेतला. इकडे भारुडं, तिकडे अंकिया नाट. एकाला दुसऱ्याची खबर असल्याचं कुठे दिसत नाही. इंदूरच्या एखाद्या भजनी मंडळाने सहल काढायची ठरवली तर मी डोळे मिटून माजुली सुचवेन, ते यासाठीच. टाळ-मृदंग ज्यांच्या कानात मुरलेत, त्यांना तिथला खोल (मातीचा मृदंग) आणि भोरताल (मोठे टाळ) यांचा नाद समजावून सांगावा लागत नाही.

महिना ठरवा

जून ते सप्टेंबर पुराचे महिने. जाऊ नका. ऑक्टोबरात पाणी ओसरतं, पण रस्ते चिखलाचे असतात. नोव्हेंबर ते मार्च हा योग्य काळ, आणि त्यातही दोन मुहूर्त वेगळे.

पहिला त्रिपुरी पौर्णिमेचा. त्या सुमारास माजुलीत रास होतो. तीन-चार दिवस, बेटावर ठिकठिकाणी, सत्रांत आणि गावोगावच्या मांडवांत रात्रभर कृष्णलीला चालते. गावातलीच पोरं कृष्ण-बलराम होतात आणि गावातलाच एखादा धिप्पाड गडी कंस. आपल्या दृष्टीने अडचण एवढीच की ही पौर्णिमा दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी येते. नोकरदारांच्या रजा तोवर संपलेल्या असतात आणि मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात. त्यामुळे रासाचा गट हा निवृत्त मंडळींचाच होतो. राहण्याची जागा चार-पाच महिने आधी सांगून ठेवावी लागते; गणपतीच्या आधी बुकिंग झालं नाही तर मिळेल ती खोली घ्यायची तयारी ठेवा.

दुसरा मुहूर्त फेब्रुवारीचा. फागुन महिन्याच्या पहिल्या बुधवारी मिसिंग या आदिवासी लोकांचा अली-आये-लिगांग असतो. तो पेरणीचा सण. गावच्या मोकळ्या पटांगणात विणलेल्या लाल-काळ्या वस्त्रांतल्या मुली आणि ढोल वाजवणारी मुलं गुमराग नाच करतात. गर्दी रासापेक्षा कमी, हवा छान.

पहिल्यांदाच जाणाऱ्या गटाला मी मात्र सण सोडून, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जायला सांगतो. सणात भकत, म्हणजे सत्रात राहणारी साधक मंडळी, कामात बुडालेली असतात. एरवी ती बसून बोलतात.

वाटाड्या कोण हवा

सगळ्या सहलीचं बरं-वाईट इथे ठरतं. इंदूरहून सोबत येणारा टूर मॅनेजर तिकिटं, जेवण, खोल्या सांभाळेल. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवा. बेटावर मात्र बेटावरचाच वाटाड्या घ्या. गुवाहाटीहून गाडीबरोबर आलेला नको, जोरहाटचाही नको. माजुलीत होमस्टे चालवणारे बरेच जण स्वतः ही कामं करतात किंवा गावातला माणूस देतात. हिंदी बहुतेकांना येतं, म्हणजे इंदूरकरांची भाषेची अडचण नाही.

पैसे भरण्याआधी फोनवर एवढं विचारून घ्या. तुम्ही राहता कुठल्या गावात? संध्याकाळच्या प्रार्थनेला कुठल्या सत्रात बसवाल, आणि त्याची परवानगी कुणाकडून घेता? मुखवटा बनवताना दाखवाल की फक्त दुकान दाखवाल? मिसिंग गावात कुणाच्या घरी नेता, आणि त्या घराला त्यातून काय मिळतं? शेवटच्या प्रश्नाला जो सरळ उत्तर देतो, तो माणूस बहुधा चांगला निघतो. "सब कुछ दिखा देंगे सर, सत्रह पॉइंट हैं," असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून फोन ठेवा.

आणखी एक. भकतांकडून गायन-बायन (खोल-टाळांसह समूहगायन) किंवा सत्रीया नृत्य 'तुमच्यासाठी' करून दाखवायची सोय काही ठिकाणी होते. त्यात वावगं काही नाही, कलाकारांना मानधन मिळतं. पण ते आधी ठरवावं लागतं आणि त्याचे पैसे सहलीच्या दरात धरलेत की वेगळे, हे लेखी घ्या. माझ्या मते नेमाची प्रार्थना ऐकायला मिळत असेल तर या वेगळ्या कार्यक्रमाची गरज नाही.

गट बारा जणांपेक्षा मोठा करू नका. बारा जण दोन गाड्यांत बसतात, एका होमस्टेमध्ये मावतात, आणि मुखवटे बनवणाऱ्याच्या ओसरीवर गोल करून बसू शकतात. पंचवीस जण गेले की सगळीकडे फक्त फोटोची रांग लागते.

इंदूरहून जोरहाट

रेल्वेने जायचं तर महूहून (डॉ. आंबेडकर नगर) इंदूरमार्गे कामाख्येला जाणारी आठवड्याची गाडी आहे. दोन रात्री गाडीत जातात, पण बदलाबदल नाही. वेळ असलेल्या मंडळींना ती बरी. कामाख्या-गुवाहाटीला एक मुक्काम करा, देवीचं दर्शन उरका, आणि दुसऱ्या सकाळी गुवाहाटी-जोरहाट टाउन जनशताब्दी पकडा. ती दुपारी पोचते. त्याच दिवशी शेवटची नाव गाठायची धावपळ करू नका. जोरहाटला राहा.

विमानाने जायचं तर देवी अहिल्याबाई विमानतळावरून कोलकाता आणि तिथून थेट जोरहाट, किंवा गुवाहाटीला उतरून पुढे रस्त्याने. गुवाहाटी ते जोरहाट साधारण तीनशे किलोमीटर, आणि काझीरंगा याच रस्त्यावर लागतं. त्यामुळे मला आवडणारा क्रम असा : गुवाहाटी, काझीरंगात एक किंवा दोन रात्री, जोरहाट, माजुली, आणि परतीला थेट जोरहाटहून उड्डाण. आसामात भारतीयांना कुठलंही परमिट लागत नाही. याच सहलीत अरुणाचल किंवा नागालँड जोडणार असाल तर मात्र इनर लाइन परमिट घ्यावं लागेल. न जोडलेलं बरं.

नाव

जोरहाटहून चौदाएक किलोमीटरवर निमाती घाट. तिथून आसाम सरकारच्या जलवाहतूक विभागाच्या फेऱ्या माजुलीच्या कमलाबारी घाटाला जातात. जाताना तासाभराचा प्रवास, परतताना प्रवाहाविरुद्ध यावं लागत असल्याने थोडा जास्त. वेळा ऋतूप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे बदलतात, आणि शेवटची नाव दुपारीच सुटते, त्यामुळे आदल्या संध्याकाळी वाटाड्याला फोन करून दुसऱ्या दिवसाच्या वेळा पक्क्या करा. सकाळची दुसरी-तिसरी फेरी धरा. घाटाची जागाही दरवर्षी थोडी सरकते. नावेतून उतरल्यावर वाळूतून काही अंतर चालावं लागू शकतं. चाकांची बॅग तिथे ओझं होते. पाठीवरच्या किंवा हातातल्या पिशव्या आणा आणि मोठं सामान जोरहाटच्या हॉटेलात ठेवून जा.

मोटारी नावेवर चढतात, पण गाडी नेण्याचा खर्च आणि खोळंबा कशाला? बेटावर गाड्या भाड्याने मिळतात.

सुरक्षेबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. ८ सप्टेंबर २०२१ ला निमाती घाटाजवळ एका खासगी नावेची सरकारी फेरीबोटीशी टक्कर होऊन खासगी नाव बुडाली. त्यानंतर एक इंजिनाच्या खासगी प्रवासी नावांवर बंदी आली. तुम्ही फक्त सरकारी फेरीनेच जा, लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला. गटातले एखादे काका "काय गरज आहे" म्हणतीलच. गटप्रमुखाने स्वतः आधी घालावं, मग वाद होत नाही.

जोरहाट-माजुली पुलाची पायाभरणी फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली. 'आता पूल होतोय, गाडीनेच जाता येईल' या भरवशावर कुठल्याही तारखा ठरवू नका.

राहायचं कुठे

गरमूर आणि कमलाबारी ही बेटावरची दोन बाजारपेठेची गावं. या दोहोंच्या आसपास बांबूच्या खांबांवर उभे केलेले होमस्टे आहेत, मिसिंग लोकांच्या चांगघराच्या धर्तीवर. जमीन फाटलेल्या बांबूची, चालताना करकरते आणि थोडी दबते. पहिल्या रात्री दचकायला होतं. डिसेंबरात खालून गार वारा येतो, तेव्हा लोकरी मोजे आणि जाड शाल हवीच. जिना अरुंद आणि चढा असतो. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांसाठी जमिनीवरची खोली आधीच मागून घ्या; बऱ्याच ठिकाणी एक-दोन तशा असतात. स्नानगृह खोलीला जोडून आहे का, गरम पाणी बादलीने मिळणार की गिझर आहे, हेही विचारा.

काही सत्रांची स्वतःची अतिथिगृहं आहेत. खोल्या साध्या, नियम कडक : मांस-दारू नाही, रात्री लवकर दार बंद. पहाटेची प्रार्थना ऐकायची असेल तर यासारखी जागा नाही. माझा सल्ला, तीनपैकी एक रात्र सत्रात काढा.

बेटावरचे दिवस

पहिल्या दिवशी दुपारी पोचाल. जेवा, विश्रांती घ्या, आणि लक्षात ठेवा की इथे सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून आधी मावळतो. नोव्हेंबर-डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधारायला लागतं. इंदूरला आपण त्या वेळी दुपारच्या चहाचं आधण ठेवतो. हे गणित चुकलं की सगळे दिवस चुकतात. तेव्हा चार वाजता आवरून उत्तर कमलाबारी सत्रात जा.

सत्राची रचना कळली तर पुढचं सगळं उलगडतं. प्रवेशाच्या कमानीतून आत गेल्यावर मध्यभागी नामघर, म्हणजे लांब सभामंडप. त्याच्या पूर्वेच्या टोकाला मणिकूट, आपला गाभारा. भोवती चारी बाजूंनी भकतांच्या राहत्या खोल्यांच्या ओळी, त्यांना हाटी म्हणतात. शंकरदेवांच्या मूळ परंपरेत मूर्तीऐवजी आसनावर ग्रंथ असतो. औनीआटी, दक्षिणपाट अशा सत्रांत मात्र मूर्तीही आहेत. कमलाबारी, औनीआटी, दक्षिणपाट इथले भकत ब्रह्मचारी. लहानपणी घरच्यांनी सत्राला दिलेला मुलगा एखाद्या वडीलधाऱ्या भकताच्या हाटीत वाढतो, शाळेत जातो आणि सोबत खोल, नाच, बोरगीत म्हणजे भक्तिगीतं शिकतो. सामागुरीसारख्या सत्रांत संसारी लोक असतात.

नामघरात पाऊल टाकण्याआधी चपला लांब काढा. दारात वाकून नमस्कार करा. पुरुषांनी अर्धी चड्डी नको, बायकांनी साडी किंवा पूर्ण सलवार-कुर्ता. खाली चटईवर बसायचं, मणिकुटाकडे पाय करायचे नाहीत, मणिकुटात शिरायचं नाही. प्रार्थनेला निघालेल्या भकताला स्पर्श करू नका. आपल्याकडे वाकून पाय धरायची सवय असते; तिथे लांबूनच हात जोडा. सत्राधिकारांची, म्हणजे सत्रप्रमुखांची, भेट झाली तर तेच. फोटो काढायचा तर प्रार्थना सुरू होण्याआधी विचारा, आणि 'हो' म्हटलं तरी फ्लॅश बंद ठेवा. लहान भकतांना उभं करून, हात धरून सेल्फी काढणारे पाहुणे पाहिले की लाज वाटते. ते विद्यार्थी आहेत.

प्रार्थनेनंतर प्रसाद मिळेल : भिजवलेले मूग आणि हरभरे, आलं, ओलं खोबरं, फळाचे तुकडे. तो तिथेच बसून खायचा.

दुसरा दिवस मोठ्या सत्रांचा, पण दोनच करा. सकाळी औनीआटी. १६५३ साली स्थापन झालेलं हे सत्र ऐश्वर्याचं; त्याच्या संग्रहालयात आहोम काळातली भांडी, दागिने, हस्तलिखितं आहेत. तिथे घाई करू नका. सांचीच्या सालीवर लिहिलेल्या पोथ्या मागून बघा; हे सांची म्हणजे अगरूचं झाड, आपल्या मध्य प्रदेशातल्या स्तूपाशी त्याचा संबंध नाही. दुपारी जेवून नतून कमलाबारीत किंवा दक्षिणपाटला जा. सत्रीया नाचाचा रियाझ दिसला तर थांबा. संगीत नाटक अकादमीने २००० साली सत्रीयाला शास्त्रीय नृत्याचा दर्जा दिला, पण त्याआधी कित्येक शतकं तो असाच, अंगणात, भकतांच्या पायांत होता.

तिसरा दिवस माझ्या लेखी सर्वांत मोलाचा. सकाळी सामागुरी सत्र. शंकरदेवांचे नातू चक्रपाणी यांनी १६६३ मध्ये ते स्थापन केलं, आणि भाओना या नाट्यप्रकारासाठी लागणारे मुखवटे बनवायची परंपरा इथे टिकली. २०२३ मध्ये इथल्या हेमचंद्र गोस्वामी यांना पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना आणि इथल्या पोथीचित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं.

वाटाड्याला सांगून ठेवा की आम्हाला सगळ्या पायऱ्या बघायच्या आहेत. आधी हिरव्या बांबूच्या बारीक कामट्या विणून षट्कोनी जाळीचा सांगाडा करतात. त्यावर कुंभाराच्या चिकणमातीत बुडवलेले कापडाचे तुकडे चढतात. ते वाळले की माती आणि गाईच्या शेणाचं मिश्रण लावून नाक, भुवया, गाल उभे केले जातात. बांबूच्या चपट्या पट्टीने घासून गुळगुळीत करायचं, पुन्हा वाळवायचं, पुन्हा कापड. मग रंग; जुन्या रीतीने हिंगूळ (लाल) आणि हरताळ (पिवळा). एका वेळी सगळ्या अवस्थांतले मुखवटे ओसरीवर पडलेले असतात, म्हणून तासाभरात पूर्ण प्रक्रिया कळते. प्रकार तीन : फक्त चेहरा झाकणारा मुख-मुखा, मध्यम आकाराचा लोटोकोई, आणि नटाचं सगळं शरीर आत मावेल असा बोर-मुखा. जबडा हलणारे मुखवटेही असतात. घालून संवाद म्हणून दाखवायची विनंती करा. रावण हसला की गटातली नातवंडं आजीच्या मागे लपतात आणि आजीही दोन पावलं मागे सरकते.

दुपारी सालमोरा. बेटाच्या आग्नेय काठावरचं हे कुंभारांचं गाव. इथे बायका चाकाशिवाय, हाताने फिरवत आणि थापत भांडी घडवतात. चिकणमाती काठ खणून काढतात, भांडी नदीतून वाहून आलेल्या लाकडांवर भाजतात, आणि पुरुष ती नावेने गावोगावी नेतात. पूर्वी बदल्यात भात मिळायचा. इथे नावाही बांधल्या जातात. गाव थकलेलं आहे, काठ रोज ढासळतोय, आणि हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ऐकून घ्या. घाईत असलेला गट सालमोरा गाळतो. मी उलट सांगेन, वेळ कमी पडला तर दुसऱ्या दिवसाचं एक सत्र गाळा.

चौथ्या दिवशी सकाळी लवकरच, निघण्याआधी, एक मिसिंग गाव. बेटावर मिसिंगांची वस्ती मोठी आहे. चांगघराच्या मधोमध चूल, वर धुरात वाळत ठेवलेले मासे, आणि घराखाली माग. प्रत्येक घरात बाई विणते. तांदळाची आपोंग नावाची घरगुती दारू पाहुण्याला देण्याची पद्धत आहे : एक पांढरट, एक भाताच्या पेंढ्याची राख घालून केलेली काळसर. नको असेल तर हात जोडून चहा मागा, कुणी रागवत नाही. हे कुणाचं तरी राहतं घर आहे, तेव्हा खोल्यांतून डोकावत फिरू नका. विणलेलं काही आवडलं तर तिथेच, त्या बाईकडूनच घ्या आणि घासाघीस फार ताणू नका. आपण सीतलामाता बाजारात असल्यासारखे वागतो, ते इथे नको.

ज्यांना पहाटे उठवेल त्यांनी भाड्याची सायकल घेऊन एखाद्या बीलाकडे, म्हणजे पाणथळीकडे जावं. हिवाळ्यात तिथे पट्टकदंब हंस उतरतात.

जादव पायेंग यांनी १९७९ पासून वाळूच्या बेटावर उभं केलेलं मोलाई जंगल पाहायची अनेकांची इच्छा असते. ते कोकिलामुखाकडे आहे, त्याला वेगळी नाव आणि वेगळा दिवस लागतो. माजुलीच्या तीन दिवसांत ते बसवू नका.

खाणं, पैसे, औषधं

शाकाहारी मंडळींनी आधी सांगून ठेवावं. वैष्णवांचं बेट असलं तरी घरोघरी मासे होतात. भात, डाळ, पिटिका म्हणजे कच्चं मोहरीचं तेल घातलेलं भरीत, केळीच्या सालीच्या राखेच्या पाण्यात शिजवलेली खार, टेंगा म्हणजे आंबट रस्सा. तिखट बेताचं असतं, पण बाजूला ठेवलेल्या भूत जोलोकिया मिरचीला गंमत म्हणून तोंड लावू नका. न्याहारीला जोलपान मागा : दही, गूळ आणि चिरा म्हणजे पोहे. नुसते भिजवलेले, फोडणी नाही, वर शेव नाही. इंदूरकरांच्या कपाळाला आठ्या पडतील, म्हणून सियागंजातून शेवेचं एखादं पाकीट घेऊन जायला माझी हरकत नाही. नुसत्या पाण्यात भिजवून फुगणारा कोमल तांदूळ मिळाला तर तोही चाखा.

एटीएम गरमूर आणि कमलाबारीत आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. सुटे पैसे जोरहाटहूनच आणा. सत्रात दक्षिणा किती आणि कुठे ठेवायची हे वाटाड्याला विचारा, ती गटाची मिळून एकदाच द्या.

डासांसाठी मलम, टॉर्च, पॉवर बँक, आणि नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची. गरमूरला सरकारी रुग्णालय आहे. गंभीर दुखण्याला मात्र जोरहाटचं मेडिकल कॉलेज गाठावं लागतं आणि मध्ये नदी आहे, रात्रीची. नुकतंच हृदयाचं दुखणं झालेल्यांना गटात घेऊ नका, कितीही जवळचे असोत.

परतताना

मुखवटा घेतला असेल तर तो नाजूक असतो. जुन्या कपड्यांत गुंडाळून हातातल्या सामानात ठेवा. मोठ्या मुखवट्याची ऑर्डर देऊन तो कुरिअरने मागवता येतो का, हे सामागुरीतच ठरवून घ्या. सालमोऱ्याची मडकी विमानाने आणायचा मोह टाळा.

परतीची नाव सकाळचीच धरा आणि त्याच दिवसाचं विमान घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत नदीवर धुकं उतरलं की ते निवळेपर्यंत फेरी सुटत नाही, दहा-साडेदहाही वाजतात. म्हणून जोरहाटला शेवटची रात्र ठेवा. दुपार मोकळी मिळाली तर शहराजवळ चहाचे मळे आहेत, आणि काझीरंगा आधी झालं नसेल तर तेही रस्त्याने दोन-अडीच तासांवर आहे. जोरहाटच्या हॉटेलात ठेवलेलं मोठं सामान ताब्यात घेताना नग मोजून घ्या. बारा जणांच्या गटात एक पिशवी कुणाचीच नसते.